गाडी विकली, पण मालक कोण? सगळ्या सामानासकट हिमालयन विकताना काय काय करावं लागलं

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी बाबांच्या फोनवर ई-चलानचा मेसेज आला. विनाहेल्मेट, मागे दोघं बसलेले, ठिकाण सोलापूर रोड. बाबा तेव्हा नेऱ्यात आमच्या ओट्यावर बसून चहा पीत होते, आणि चलानमधली गाडी आम्ही २०२१ सालीच विकून टाकली होती. जुन्या गाड्यांच्या एका डीलरने ती घेतली होती. त्याने रोख पैसे दिले, कोऱ्या फॉर्मवर बाबांच्या सह्या घेतल्या, "ट्रान्सफरचं आम्ही बघतो काका" म्हणाला, आणि आम्हीही निश्चिंत झालो. त्याने ती पुढे कुणाला विकली, त्या माणसाने आणखी कुणाला, देव जाणे. सरकारी रेकॉर्डमध्ये गाडी बाबांचीच.

आई एवढंच म्हणाली, "दंडाचं ठीक आहे रे, उद्या त्याने कुणाला उडवलं तर?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, दिवसभर डेटाबेसमध्ये डोकं घालून बसणारा. पण या प्रश्नाचं उत्तर मला शोधावं लागलं, आणि ते घाबरवणारं निघालं. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात नेमकं हेच ठरवलं. एक कार हातोहात अनेकदा विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्या माणसाच्याच नावावर राहिली. अपघात झाला, तेव्हा गाडी त्याच्याकडे नव्हती. तरी कोर्ट म्हणालं, नोंदणीत ज्याचं नाव तोच कायद्याच्या नजरेत मालक, भरपाईची जबाबदारी त्याची.

त्यामुळे या वर्षी माझी हिमालयन विकायची वेळ आली तेव्हा मी ठरवलं होतं, की भाव दोन पैसे कमी मिळाला तरी चालेल, पण हा घोळ परत नको. त्यातही एक घोळ झालाच. तो शेवटी सांगतो.

गाडी एक, मालकी तीन ठिकाणी

आपल्याला वाटतं चावी दिली, पैसे घेतले, गाडी विकली. प्रत्यक्षात मालकीची नोंद वेगवेगळ्या ठिकाणी असते. पहिली, 'वाहन' या केंद्रीय डेटाबेसमध्ये. आरटीओ, पोलिसांचा कॅमेरा, एमपरिवहन अ‍ॅप, डिजिलॉकर, सगळे तिथूनच वाचतात. दुसरी, विमा कंपनीच्या रेकॉर्डमध्ये. आणि तिसरी, जिचा कुणी विचार करत नाही, ती म्हणजे गाडीवर बसवलेल्या स्मार्ट वस्तूंची. ट्रॅकरचं खातं, ब्लूटूथ जोडणी, कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड. साध्या कम्युटर बाईकला ही तिसरी भानगड नसते. टूरिंगवाल्या बाईकला असते.

चौकातला कॅमेरा तुमचा चेहरा ओळखत नाही. तो नंबर प्लेट वाचतो, डेटाबेसला विचारतो "हा नंबर कुणाचा?" आणि जे नाव, जो मोबाईल नंबर येईल तिथे चलान पाठवतो. बाबांचं नेमकं हेच झालं. सिस्टीम बरोबर होती, तिला दिलेली माहिती शिळी होती.

गाडीवर लावलेलं सामान: काय ठेवायचं, काय काढायचं

माझी गाडी २०२१ ची रॉयल एन्फिल्ड हिमालयन, ४११ सीसीवाली, बीएस-६. ही गाडी पहिल्यांदा २०१६ मध्ये आली. २०२१ पासून तिच्या हँडलवर ट्रिपर नावाचा छोटा गोल डिस्प्ले मिळायला लागला, जो ब्लूटूथने फोनला जोडला की पुढचं वळण दाखवतो. लडाख आणि स्पिती दोन्ही झालेली गाडी, ३८ हजार किलोमीटर. घराचा हप्ता सुरू झाला आणि गाडी महिनोन्‌महिने शेडमध्ये उभी राहायला लागली, म्हणून विकायला काढली.

सामान भरपूर होतं. क्रॅश गार्ड, इंजिनाखालची जाड बॅश प्लेट, हँड गार्ड, उंच विंडशील्ड, दोन्ही बाजूंच्या पॅनियर बॅगा आणि त्यांचं रॅक, मागे टॉप बॉक्स, दोन जादा एलईडी दिवे, यूएसबी चार्जर, फोन होल्डर, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम. हिशोब केला तर पाच वर्षांत साधारण ५५ हजार रुपये नुसते सामानावर गेले होते. मला वाटलं, भावात निदान ३० हजार तरी सुटतील.

नाही सुटत. हे कडू औषध आधीच पिऊन घ्या. घेणारा गाडीचे पैसे देतो, तुमच्या हौसेचे नाही. त्याला कदाचित दुसऱ्याच कंपनीच्या बॅगा हव्या असतात. उलट जास्त सामान बघून काही जणांना शंका येते, की गाडी खूप ताणली असणार. त्यात ४११ च्या जागी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये नवी हिमालयन आली, ४५२ सीसीची, वॉटर कूल्ड इंजिनाची, जिच्या गोल स्क्रीनवर अख्खा गूगल मॅप दिसतो. जुन्या मॉडेलच्या भावावर त्याचा परिणाम होणारच.

मग मी सामानाच्या दोन राशी केल्या. जे याच गाडीला बसतं आणि दुसऱ्या कशालाच नाही, ते गाडीवरच ठेवलं: रॅक, बॅश प्लेट, क्रॅश गार्ड, हँड गार्ड. हे सुटं विकायला गेलात तर भंगाराच्या भावाने जाईल, पण गाडीवर असलं तर गाडी लवकर विकली जाते. जे कुठल्याही गाडीला चालतं, म्हणजे डॅशकॅम, फोन होल्डर, पॅनियर बॅगा, ते काढून वेगळं विकलं. बॅगा तर दोन दिवसांत गेल्या. टॉप बॉक्स गाडीबरोबर दिला, कारण त्याची प्लेट मागच्या कॅरियरला ड्रिल करून बसवली होती. काढला असता तर भोकं दिसली असती.

कंपनीचे मूळ भाग टाकून देऊ नका. माझे मूळ इंडिकेटर, आरसे आणि विंडशील्ड माळ्यावर खोक्यात होते. घेणाऱ्याला ते दाखवले तेव्हा त्याचा चेहरा खुलला. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय, की नोंदणी प्रमाणपत्रातल्या कंपनीच्या मूळ वर्णनापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल चालत नाही. त्यामुळे मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावून गाडी विकायला काढणं म्हणजे घेणाऱ्याच्या गळ्यात दंड बांधणं. जादा दिव्यांचंही तसंच. मी ते काढले आणि वायरिंगही मुळापासून काढलं. टेप गुंडाळून लोंबती टोकं सोडून देऊ नका, पावसाळ्यात तिथेच शॉर्ट होतं.

फोन होल्डरवरून आठवलं. इंजिनाच्या थरथरीने फोनच्या कॅमेऱ्याची वाट लागते, ही अफवा नाहीये. अ‍ॅपलने स्वतः सप्टेंबर २०२१ मध्ये सांगितलं होतं, की मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलवर आयफोन लावू नये, कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. त्या यंत्रणेत भिंग अगदी बारीक चुंबकांच्या आधाराने हलतं, आणि सततची थरथर त्याला सोसत नाही. हे फक्त आयफोनचं नाही, अशी यंत्रणा असलेल्या कुठल्याही फोनचं. थरथर शोषणारं रबरी डँपर असलेलं होल्डरच घ्या.

बॅटरी का उतरते?

गाडी बघायला येणारा पहिल्यांदा स्टार्टर दाबतो. गाडी 'टिक टिक' करून गप्प बसली की तुमचे पाच हजार तिथेच गेले. माझी तीन आठवडे उभी होती आणि तसंच झालं.

कारण होतं ट्रॅकर. हिमालयनची बॅटरी १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची. ट्रॅकर थेट बॅटरीला जोडलेला असतो, म्हणजे चावी बंद असली तरी तो चालू. समजा तो झोपेत असताना १० मिलिअँपिअर खातो. दिवसाला ०.२४ अँपिअर-तास. ८ भागिले ०.२४ म्हणजे सुमारे ३३ दिवस. पण बॅटरी पूर्ण रिकामी व्हायची वाट स्टार्टर बघत नाही, अर्धी उतरली तरी तो हात टेकतो. म्हणजे पंधरा-सोळा दिवस. आणि ट्रॅकर नीट झोपत नसेल, दर मिनिटाला लोकेशन पाठवत असेल, तर आठवडाही पुरत नाही. एवढं साधं गणित मी पाच वर्षांत कधी केलं नव्हतं. बॅटरी रात्रभर चार्जला लावली आणि ट्रॅकरची केबल सीटखालून काढून ठेवली. 'नंतर काढू आख्खा' असं म्हणून ट्रॅकर मात्र तिथेच राहिला. लक्षात ठेवा हे.

फोटो आणि कागद टाकताना

जाहिरातीसाठी फोटो घराच्या दारात काढू नका. मी गाडी गाढेश्वर धरणाच्या बाजूला नेली, मागे माथेरानचा डोंगर, सकाळचं ऊन. फोटो चांगले आलेच, शिवाय घर कुठलं ते कुणाला कळलं नाही. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाईलमध्ये अक्षांश-रेखांश लिहिले जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळून जाते, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जशीच्या तशी जाते. सोपा उपाय म्हणजे कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद करून मगच फोटो काढणं.

आरसी बुकाचा फोटो मागणारे खूप जण भेटतील. त्यांपैकी काही जणांना गाडी नकोच असते. त्यांना तुमचे फोटो आणि तुमचं आरसी हवं असतं, म्हणजे ते तीच गाडी निम्म्या किमतीत दुसरीकडे जाहिरातीला लावतील आणि तुमच्या नावाने टोकन गोळा करतील. म्हणून प्रत्यक्ष भेट होईपर्यंत चेसिस आणि इंजिन नंबर झाकूनच पाठवा आणि फोटोवर आडवं लिहा: 'फक्त अमुक व्यक्तीला बघण्यासाठी', खाली तारीख. आधार द्यायची वेळ आली तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. यूआयडीएआयच्या साईटवरून डाउनलोड होतं.

'मी आर्मीत आहे, गाडी न बघताच घेतो'

जाहिरात टाकून दहा मिनिटं झाली नव्हती तर पहिला फोन. शुद्ध हिंदी, 'सर सर' करत. आर्मीत आहे, पोस्टिंग बदललंय, गाडी आवडली, भाव मान्य. घासाघीस नाही, हाच पहिला वास. मग म्हणाला, "ट्रायलसाठी पाच रुपये टाकतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा."

क्यूआर स्कॅन करणं आणि यूपीआय पिन टाकणं, या दोन्ही गोष्टी पैसे देण्यासाठी असतात. घेण्यासाठी काहीच करावं लागत नाही. ना स्कॅन, ना पिन, ना 'अ‍ॅक्सेप्ट'. समोरच्याला तुमचा यूपीआय आयडी माहीत असला की झालं. हे आपल्याला माहीत असतं, पण समोर लाख-दीड लाखाचं गिऱ्हाईक गोड बोलत असलं की डोकं हलकं होतं. माझ्या सख्ख्या मावसभावाने जुना फ्रीज विकताना असेच आठ हजार घालवलेत, आणि तो बी.कॉम. आहे, बँकेच्या परीक्षा देतोय.

दुसरा प्रकार नवा. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो, 'तुमच्या वाहनावर चलान बाकी आहे', आणि सोबत आरटीओ चलान नावाची एपीके फाईल. गाडी विकायला काढलेला माणूस चलानच्या नावाने घाबरतोच. ती फाईल इन्स्टॉल केली आणि एसएमएसची परवानगी दिली की तुमचे ओटीपी परस्पर त्यांच्याकडे. कुठलंही सरकारी खातं व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके पाठवत नाही. चलान बघायचं तर स्वतः ब्राउझर उघडून परिवहनच्या किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या साईटवर गाडी नंबर टाकून बघा. मी बघितलं तर खरंच एक निघालं, वाशीला झेब्रा पट्ट्यावर थांबल्याचं. भरून टाकलं. बाकी चलान असलं की ट्रान्सफर अडू शकते.

टेस्ट राइड

शेवटी खारघरचा एक मुलगा आला, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, सोबत त्याचे काका. काकांनी चेन स्प्रॉकेट बघितलं, पुढचा फोर्क दाबून तेल गळतंय का बघितलं, टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचला. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. म्हणजे १४२३ असेल तर २०२३ चा चौदावा आठवडा. मग सर्व्हिसची बिलं मागितली आणि प्रत्येक बिलावरचं किलोमीटर रीडिंग क्रमाने लावून बघितलं. मीटर मागे फिरवलाय का ते असंच कळतं. मला तो माणूस आवडला. असं गिऱ्हाईक जास्त त्रास देतं, पण नंतर फोन करून भांडत नाही.

राइडला जाण्याआधी त्या मुलाचं लायसन्स डिजिलॉकरमध्ये बघितलं. त्यात गिअरच्या मोटरसायकलचा प्रकार आहे ना हे बघा, नुसतं स्कूटरचं लायसन्स असेल तर अपघातात विमा हात वर करेल. त्याची स्वतःची गाडी आणि काका आमच्या दारात थांबले, मी मागे बसलो आणि धोदाणीच्या रस्त्याने जाऊन आलो. हिमालयन घ्यायची आणि सपाट डांबरावर चालवून बघायची याला अर्थ नाही. तसंही एक्सप्रेसवे आणि अटल सेतू, दोन्हीकडे दुचाकीला बंदी. खड्ड्यात उभं राहून चालवली तेव्हा तो हसला, तिथेच मला कळलं गाडी गेली.

घासाघीस होऊन १ लाख ४२ हजाराला ठरलं. मी १ लाख ६० हजार लावले होते. काका म्हणाले, "बाळा, बॅटरी उतरलेली होती ना तुझी?" त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. बहुतेक चार्जरची वायर शेडमध्ये तशीच लटकत होती.

पैसे आणि ओटीपी, क्रम कुठला?

साधारण व्यक्ती ते व्यक्ती यूपीआयची मर्यादा दिवसाला एक लाख. म्हणून १ लाख ४२ हजार एका दमात जात नाहीत. पाच हजार टोकन यूपीआयने घेतलं, बाकीचे आयएमपीएसने. नवीन खातं जोडलं की बऱ्याच बँका पहिले काही तास छोटीच रक्कम जाऊ देतात, तेव्हा गिऱ्हाईकाला तुमचं खातं आदल्या दिवशी जोडून ठेवायला सांगा. नाहीतर रविवारी संध्याकाळी सगळे बँकेच्या अ‍ॅपकडे बघत बसतील.

पैसे आले की नाही हे समोरच्याच्या स्क्रीनशॉटवर मानू नका, एसएमएसवरही नाही. हुबेहूब स्क्रीनशॉट बनवणारी अ‍ॅप्स फुकट मिळतात, आणि बँकेसारखा दिसणारा मेसेज कुणीही टाईप करू शकतं. स्वतःच्या बँकेचं अ‍ॅप उघडा, शिल्लक बघा. वाईट वाटून घेऊ नका, काकांसमोरच बघितलं मी.

आता मुख्य काम. त्याच्या आधी दोन गोष्टी आठवड्याभरापूर्वीच करून ठेवल्या होत्या. एक, परिवहन पोर्टलवर माझा मोबाईल नंबर तपासला. गाडी घेताना शोरूमवाल्याने भलताच नंबर टाकलेला असू शकतो, आणि मग ओटीपी त्याच्याकडे जात राहतो. दुसरं, बोजा. कर्जाचा शेवटचा हप्ता २०२४ मध्येच भरला होता, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. कर्ज फिटलं म्हणजे बोजा आपोआप उतरत नाही. बँकेकडून नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन तो आरटीओच्या रेकॉर्डमधून काढून घ्यावा लागतो. तो निघेपर्यंत पुढे काही होत नाही.

ट्रान्सफरचे मुख्य फॉर्म दोन. २९ म्हणजे विकणाऱ्याने 'मी गाडी विकली' असं कळवणं, आणि ३० म्हणजे नाव बदलण्याचा दोघांचा अर्ज. कायद्यात मुदतही आहे: राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. बाबांनी सह्या केल्या होत्या त्या याच फॉर्मवर, फक्त घेणाऱ्याची जागा कोरी होती. कोरा फॉर्म सही करून देणं म्हणजे रकमेची जागा मोकळी सोडून चेक देण्यासारखं आहे.

आम्ही दोघांनी आमच्या ओट्यावरच बसून लॅपटॉपवर अर्ज भरला. गाडी नंबर, चेसिसचे शेवटचे पाच आकडे, मग ओटीपी. पैसे आधी, ओटीपी नंतर, चावी सगळ्यात शेवटी, असा क्रम मी धरला. खारघर आणि नेरे, दोन्ही पनवेल आरटीओच्याच हद्दीत, एमएच ४६, त्यामुळे दुसऱ्या कार्यालयाच्या नाहरकतीची भानगड नव्हती. गाडी परराज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ चं नाहरकत प्रमाणपत्र लागतं, आणि तिथे वेळ जातो. पीयूसी आणि विमा चालू हवा.

शिवाय एका कागदावर डिलिव्हरी नोट लिहिली. दोघांची नावं, इंजिन-चेसिस नंबर, मीटर रीडिंग, कुठलं सामान दिलं, आणि तारखेसोबत वेळ. संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटं. ६:४० च्या आधीचं चलान माझं, नंतरचं त्याचं. दोघांच्या सह्या, काकांची साक्षीदार म्हणून.

डीलरलाच द्यायची असेल तर? १ एप्रिल २०२३ पासून नियम बदललेत. डीलरकडे आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र असायला हवं, आणि गाडी त्याच्या ताब्यात देताना फॉर्म २९सी भरून ऑनलाईन कळवायचं. ते केलं की विकली जाईपर्यंत गाडीची जबाबदारी डीलरची. डीलरने "ते कशाला, नुसत्या सह्या द्या" म्हटलं की उठून या. आमच्या वेळी हा नियम नव्हता. असता तरी आम्हाला कुणी सांगितला असता असं वाटत नाही.

विमा: बोनस तुमचा, गाडीचा नाही

आरसीचं नाव बदललं म्हणजे विमा बदलला असं नाही. दुसऱ्याच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टीचा भाग गाडीबरोबर जातो. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग घेणाऱ्याने कंपनीला कळवून १४ दिवसांत नावावर करून घ्यावा लागतो. नाहीतर गाडी पडली तर त्याला दमडी मिळणार नाही.

आणि नो क्लेम बोनस. पाच वर्षं क्लेम केला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. विकताना कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या, पुढच्या दुचाकीला तीन वर्षांच्या आत वापरता येतं. मी ते घेतलं. पुढची गाडी कधी ते हप्ते ठरवतील. घेणाऱ्यांसाठी: बॅश प्लेट, टॉप बॉक्स वगैरे पॉलिसीत वेगळं नोंदवलेलं नसेल तर त्याचा क्लेम मिळत नाही.

आणि तो ट्रॅकर

मंगळवारी रात्री साडेनऊला माझ्या फोनवर अलार्म वाजला. 'तुमचे वाहन हलले आहे.' मी झोपेतून दचकून शेडकडे धावलो, आणि रिकामी शेड बघून मग डोक्यात प्रकाश पडला. त्या मुलाने सीट उघडली होती, एक सुटी केबल दिसली आणि त्याने ती चांगल्या मनाने परत जोडून टाकली. अ‍ॅप उघडलं तर नकाशावर त्याचा अख्खा दिवस: घर, ऑफिस, जिम, मग बेलापूरला एका ठिकाणी दोन तास.

मला ते बघायचा काही अधिकार नव्हता. त्यालाही कल्पना नव्हती, की कुणी बघतंय. बाबांच्या वेळी गाडी दुसऱ्याची होती आणि नोंद आमची. आता नोंद बदलायला टाकली होती, आणि डोळा माझाच राहिला होता. ट्रॅकरमधलं सिमही माझ्या नावावर, म्हणजे उद्या काही झालं तर तेही माझ्याच दारात.

लगेच फोन केला, सरळ सांगितलं. तो आधी गप्प झाला, मग म्हणाला, "दादा, बेलापूरचं कुणाला बोलू नका." अ‍ॅपमधून गाडी डिलीट केली, तर कळलं की नुसतं डिलीट केल्याने ट्रॅकर सर्व्हरला माहिती पाठवायचा थांबत नाही, फक्त मला दिसत नाही. कंपनीला मेल करून डिव्हाइस खात्यातून सोडवून घेतलं, सिम बंद केलं. ट्रिपरची जोडणीही राहिली होती, ती मी माझ्या फोनमधून काढली आणि त्याने त्याच्या फोनवर नव्याने जोडली. त्याला विचारलं, ट्रॅकर हवाय का? हवा असेल तर स्वतःच्या नावाचं सिम आणि खातं घे, नाहीतर काढून दे. तो म्हणाला ठेवतो, गाडी चोरीला गेली तर.

बाराव्या दिवशी एमपरिवहनमध्ये गाडी नंबर टाकला. मालकाचं नाव तिथे अर्धं तारांकित दिसतं, पण पहिलं अक्षर माझं नव्हतं. बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, आणि मग त्यांच्या जुन्या गाडीचा नंबर टाकायला सांगितला. तिचं अजून आमच्याच नावावर आहे. तिच्यासाठी डीलरला लेखी पत्र, आरटीओला अर्ज आणि पोलिस ठाण्यात माहिती, हे सगळं गेल्या वर्षी देऊन झालंय, पोच आहे, फाईल चालू आहे.

टॉप बॉक्सची दुसरी चावी परवा ड्रॉवरमध्ये सापडली. रविवारी खारघरला जाऊन देऊन येतो.